पान तीन: पुरावा नाही

४ मार्च, मंगळवार

१. आज सकाळी सव्वानऊला छापखान्यातून चारशे पत्रकं आली. शीर्षक — 'क्लब सँडविचची गोष्ट'. मजकूर माझा.

२. गठ्ठ्यातली वरची प्रत मी पाकिटात घातली, बाबांचा पत्ता लिहिला आणि लॅबला जाताना पोस्टात टाकली. न उघडता.

३. बाकीच्यांतली चाळीस आत्याने दुकानातल्या टेबलांवर स्वतःच्या हाताने मांडली, उरलेली काउंटरखाली.

४. दुपारी पावणेदोनला डबा खाताना मी एक प्रत उघडली.

५. पान तीनवर आजोबांचा फोटो आहे. फोटोखाली छापलंय — 'दावा: क्लब सँडविच प्रथम यांनी बनवले. पुरावा: नाही. शेरा: अशक्य. या सँडविचचा छापील उल्लेख दावेदाराच्या जन्माआधी किमान चाळीस वर्षांचा आहे.'

६. ही माझी तपासणीची फाईल. छापखान्याला दुसरी पाठवायची होती.

७. चूक माझी. छापखान्याची नाही.

८. आत्याने वाचलेलं नाही. शुक्रवारी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा आधीपासूनच अधू. सोमवारपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

९. म्हणजे माझ्याकडे सहा दिवस आहेत.

एवढं लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

लॅबमध्ये माझं काम हेच — पाकिटांवरचे दावे तपासायचे. 'शंभर टक्के गहू.' 'साखर नाही.' दावा, पुरावा, शेरा, तीन रकाने. प्रत्येक कामाच्या दोन फायली असतात, एक आपल्यासाठी आणि एक बाहेर द्यायची. चार वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही. आणि झाली ती कुठे!

आत्याच्या दुकानावर पाटी आहे: 'मूळ क्लब सँडविच'. मूळ म्हणजे आजोबांचं. गोष्ट अशी, की आजोबा एका क्लबात आचारी होते. एकदा स्वयंपाकघर बंद होता होता एक भुकेला पाहुणा आला. उरलं होतं थोडं चिकन, एक अंडं, अर्धा टोमॅटो. एवढ्याने त्याचं पोट भरेना, म्हणून आजोबांनी मध्ये तिसरी स्लाइस सारली, चार त्रिकोण कापले, वर काड्या टोचल्या. पाहुणा उठून स्वयंपाकघरात आला आणि त्याने आजोबांचा हात हातात घेतला. इथे आत्या नेहमी थांबते.

बाबा तर हातवारे करून सांगतात. बाबा मालवाहू बोटीवर, इंजिनच्या खोलीत. माणूस अबोल. पण ही गोष्ट सांगायची म्हटली की बाबा वेगळेच दिसतात. मी चौथीत असताना आई गेली, तेव्हा मला आत्याकडे सोपवून ते बोटीवर चढले. निघताना स्टेशनवर त्यांनी मला हीच गोष्ट सांगितली होती. दुसरं काही सुचलं नसावं.

त्या गोष्टीसमोर मी 'अशक्य' लिहिलं. आणि छापलं. चारशे प्रती.


५ मार्च, बुधवार

आज सांगणार होते. नाही सांगितलं.


६ मार्च, गुरुवार

लॅबमधून लवकर निघाले. पत्रकं गुपचूप गोळा करायची असं ठरवलं होतं. टेबलांवर चाळीस असायला हवी होती. सात मिळाली. बाकीची लोकांनी नेली! काउंटरखालचा गठ्ठाही खाली बसलाय.

लोक वाचतायत. वाचतायत तर वाचतायत, वर भांडतायत. मी पान दोनवर खरा इतिहास दिला होता, जेवढा मिळाला तेवढा. एक म्हणणं, हे सँडविच जुगाराच्या एका क्लबात निघालं. दुसरं, पुरुषांच्या एका बड्या क्लबात. तिसरं, नाव रेल्वेच्या डब्यावरून आलं. तिन्हींपैकी एकही पक्कं नाही. मला सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा — आणि त्यात स्लाइस दोनच. तिसरी कुणी घातली, कुणालाच ठामपणे माहीत नाही. ती हवी की नको यावर आचारी अजून एकमेकांना शहाणपण शिकवतायत. कुठे चिकन, कुठे टर्की, कुठे तळलेलं अंडं, कुठे मासा, कुठे नुसत्या भाज्या आणि चीज. एवढे प्रकार झाले की मूळ कोणतं या प्रश्नाचेच कापून चार त्रिकोण करावेत.

खिडकीजवळच्या टेबलावर दोन बायका: "मधली स्लाइस म्हणजे निव्वळ पोट भरायची लबाडी." "लबाडी कसली? ती नसली तर टोमॅटोचं पाणी सगळ्यात उतरेल." दुसरीचं बरोबर आहे. मी लॅबमध्ये मोजलंय.

समोरच्या दुकानातले शिंपीकाका रोज चारला चहाला येतात. आज कप तोंडाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, "साखर घातल्याचा पुरावा नाही!"

आत्या तव्यापाशी होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "शेरा: चमचा हलवा," म्हणाली.

शिंपीकाका इतके हसले की चहा शर्टावर सांडला. मी शर्टाकडे बघत राहिले.

'शेरा' हा शब्द तिचा नाही. माझ्या तोंडून उचलला असेल. मी घरीही बोलते तशी. हे स्पष्टीकरण पुरेसं आहे असं मी ठरवलं.


७ मार्च, शुक्रवार

सुधारलेली फाईल छापखान्याला पाठवली. तीनदा उघडून पाहिली. छापखानेवाले फोनवर म्हणाले, "आधीचं काय वाईट होतं? आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. पान तीन तर फारच—" मी फोन ठेवला. नंतर उद्धटपणा झाला असं वाटलं. पुन्हा फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे हो."


८ मार्च, शनिवार

आज सुटी. दिवसभर दुकानात.

आत्याला धड दिसत नाही, पण हात चुकत नाही. पट्टी लावलेला डोळा, दुसरा अर्धा मिटलेला, आणि बोटं आपली चालू. दोन स्लाइस दोन्ही बाजूंनी भाजायच्या. मधली एकाच बाजूने. भाजलेली बाजू टोमॅटोकडे, मऊ बाजू अंड्याकडे. पाणी अडतं आणि घासाला टाळू सोलवटत नाही. मी हे दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. आत्याला कारण विचारलं तर म्हणते, "आमच्यात असंच."

मग चारही कडा कापायच्या. कडा फेकायच्या नाहीत. डब्यात जमवायच्या, संध्याकाळी तव्यावर एकाच बाजूने भाजायच्या, तीन-तीन एकावर एक रचायच्या, मधे जे उरलं असेल ते. पाटीवर सर्वांत खाली लिहिलंय, 'कडांचं सँडविच'. शाळा सुटली की मुलं त्यावर तुटून पडतात. मी लहानपणी त्याच्यावरच वाढले.

दुपारी गर्दी ओसरली. आत्या खुर्चीत टेकली. म्हणाली, "मोजपट्टी, ये इकडे. सगळे वाचतायत, मलाच माहीत नाही माझ्या दुकानाबद्दल काय छापलंय. वाच बघू."

मोजपट्टी म्हणजे मी.

तेव्हा सांगायचं होतं. ती वेळ होती. दुकानात कुणी नव्हतं, तवा बंद होता, ती माझ्याकडे तोंड करून बसली होती.

मी पत्रक उघडलं आणि वाचलं. पान एक, पान दोन — जसंच्या तसं. पान तीन — जे छापलेलं नाही ते. "आमच्या घरात असे सांगतात, की..." दुसऱ्या फाईलमधला मजकूर. पाठ आहे मला.

आत्या मान कलती करून ऐकत होती. "छान लिहिलंयस गं. पान तीन पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पहिल्यांदा 'भुकेला पाहुणा' म्हणाले होते. दुसऱ्यांदा 'उशिरा आलेला पाहुणा' तोंडातून गेलं. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"हं," म्हणाली. "मुलं येतील आता. कडा काढ."

मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा निकाल दिला. तोही तोंडी.


९ मार्च, रविवार

उद्या सकाळी दहाला डॉक्टर. डॉक्टरांच्या आधी सांगायचं. बस.


१० मार्च, सोमवार

झालं! सांगितलं. लिहायला बसलेय आणि हात हलका आहे. क्रमाने लिहिते.

दवाखान्यात आमच्याआधी चार जण. बाकावर बसलो. आत्याच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बोलले. ठरवलं तसंच, प्रस्तावना न करता.

"आत्या, परवा मी पान तीन चुकीचं वाचलं. छापलंय ते वेगळं आहे. छापलंय—"

"पुरावा: नाही," आत्या म्हणाली. "शेरा: अशक्य. या सँडविचचा छापील उल्लेख दावेदाराच्या जन्माआधी किमान चाळीस वर्षांचा आहे."

शब्दन्‌शब्द! शाळेतल्या पोरीसारखं, घडाघडा.

बाकावरचे आजोबा आमच्याकडे बघायला लागले.

"शिंप्याने मंगळवारीच वाचून दाखवलं. दहा वाजता. तू लॅबमध्ये पोचलीही नसशील."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. सहा दिवस लावलेस. तुमच्या लॅबमध्ये एका निकालाला एवढा वेळ लागतो का गं?"

"परवा वाचायला लावलंस ते?"

"तुला संधी दिली. तू तर दोनदा खोटं बोललीस! आणि तेही दोन तऱ्हेचं." मग हसायला लागली. पट्टीखालून पाणी आलं. "रडत नाहीये, औषध आहे," म्हणाली. नर्सने येऊन दोघींना दटावलं. हसू नका, डोळ्याला ताण पडतो म्हणे.

तू रागावली नाहीस का, असं मी विचारलं. आवाज बारीक निघाला. मला आवडलं नाही ते.

"तुझ्यावर कशाला? खरं तेच लिहिलंयस. ती गोष्ट तुझ्या आजोबांची नाहीच. माझी आहे. मी रचली. मी चौदाची होते, तुझा बाप नऊचा."

मग तिने सांगितलं. मधे दोनदा आमचा नंबर पुकारला, तिने पुढच्या माणसाला आत जायला सांगितलं.

आजोबा क्लबात आचारी नव्हते. भांडी घासायचे. आचारी सँडविचच्या कडा कापून टाकायचे, आजोबा त्या कागदात बांधून घरी आणायचे. घरी जळण जपून वापरायचं, म्हणून तव्यावर एकच बाजू भाजायची. तीन कडा एकावर एक, मधे काहीही. बाबांच्या डब्यात तेच. वर्गातल्या मुलांना ते कळलं. बाबांना ती 'उष्ट्या' म्हणायला लागली. बाबांनी डबा न्यायचा बंद केला. दिवसभर उपाशी राहायचे.

"म्हणून मी त्याला सांगितलं, अरे वेड्या, ते अख्खं सँडविचच मुळी आपल्या वडिलांनी शोधलंय. त्या कडा उष्ट्या नाहीत, हक्काच्या आहेत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला. छाती काढून!"

"त्यांनी आजोबांना विचारलं नाही?"

"विचारलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ताई सांगते ते खरं."

पुढच्याच वर्षी आजोबा गेले. गोष्ट राहिली. आत्याने दुकान काढलं तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने विचारलं काय लिहू, आणि तिच्या तोंडून 'मूळ' निघून गेलं. बाबा शेजारीच उभे होते ना!

घरी येऊन फोटो पाहिला. पांढरा एप्रन, म्हणून आचारी असं आम्ही धरून चाललो. पण बाह्या कोपरापर्यंत ओल्या आहेत. शंभरदा पाहिलाय मी हा फोटो. कधी नोंद घेतली नाही.

डॉक्टरांनी डोळा चांगला आहे म्हणून सांगितलं. परतताना आत्या प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत आली. केशकर्तनालय. किल्ल्या बनवून मिळतील. पुढे रस्ता बंद. मी इतकी सुटल्यासारखी झाले होते की एरवी लाज वाटली असती ती वाटली नाही.

मग कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी आली. आत्या तीही वाचायला लागली. मी तिथेच सांगून टाकलं, की एक प्रत बाबांना गेलीय.

आत्या थांबली. एवढ्या सगळ्यात तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"त्याला नको होतं गं कळायला," म्हणाली. "त्याला नको होतं."


११ मार्च, मंगळवार

बोट समुद्रात आहे. फोन लागत नाही. पत्रं बंदरावरच्या कचेरीत जमा होतात आणि बोट लागली की मिळतात. बोट शनिवारी लागणार. कचेरीत फोन केला — माझं पाकीट त्यांना न देता बाजूला ठेवता येईल का? कारकून म्हणाले, "कालच त्यांच्या खणात टाकलंय. खणाची किल्ली त्यांच्याकडे. आम्ही दुसऱ्याचा खण उघडत नाही." नियम योग्य आहे. मीही हेच सांगितलं असतं.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्याजवळ आहे काय दुसरं? बायको गेली, पोरगी लांब. वडील मोठे होते, एवढंच धरून होता."

पोरगी लांब. म्हणजे मी.


१२ मार्च, बुधवार

नवी पत्रकं आली. कुणालाच नकोत! शिंपीकाकांनी पान तीन पाहिलं आणि परत केलं. "हे काय मिळमिळीत? पहिलं द्या. माझ्या मेहुण्याला पाठवायचंय." एक बाई काउंटरवर येऊन म्हणाली, "ते 'पुरावा नाही' सँडविच एक." आत्याने मुकाट्याने करून दिलं.

संध्याकाळी शिंपीकाकांनी विचारलं, पाटीवरचं 'मूळ' पुसायचं का, त्यांच्या ओळखीचा रंगारी आहे. आत्या म्हणाली, "भावाचं कळू दे. तोवर एक अक्षर हलणार नाही." शिंपीकाका पहिल्यांदाच काही विनोद न करता गेले.

मी माझी फाईल उघडली. खाली एक ओळ वाढवली. दावा: कडांचं तीन थरी सँडविच, एकाच बाजूने भाजलेलं, आमच्या घरात तयार झालं. पुरावा: दोन साक्षीदार. शेरा कोरा ठेवला. दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष यायची आहे.


१४ मार्च, शुक्रवार

बोट उद्या लागते. आत्याने आज तीन स्लाइस जाळल्या. मी मोजल्या.


१५ मार्च, शनिवार

दुपारी दोन चाळीसला बाबांचा मेसेज. आत्या खाली तव्यापाशी आहे. मी वर आले आणि चारदा वाचला. जसाच्या तसा उतरवते.

'पत्रक मिळालं. पान तीन बरोबर आहे. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा क्लबच्या मागच्या दाराशी गेलो होतो, वडिलांचा एखादा फोटो आहे का विचारायला. आचाऱ्याने फोटो दिला. म्हणाला, तुझे वडील भांडी घासायचे, आणि त्यांच्या हातचं ताट पुन्हा पुसावं लागायचं नाही. सँडविचचं विचारलं तर हसला. घरी येऊन ताईला फोटो दिला, बाकी बोललो नाही. तिने माझ्यासाठी केलेली गोष्ट, मोडायची कशाला. पुढे मीच ती सांगत राहिलो, तिला बरं वाटायचं म्हणून. तिला अजून वाटतं मला माहीत नाही. मला दोन आठवड्यांची सुटी मिळते आहे. रविवारी, तेवीसला, घरी पोचेन. कडांचं सँडविच ठेव. ताईला खरं सांगू, की येऊन तीच गोष्ट पुन्हा सांगू? तुझा शेरा काय? गुरुवारपर्यंत कळव.'